शाळेतील संगणकजाळे : आधी आखणी, मग खरेदी

जिंतूर वा पालम तालुक्यातील लहान शाळेत संगणक बदलावयाचे ठरले की प्रथम किमतीची चौकशी होते. वस्तुतः आरंभ विद्यार्थ्यांच्या नोंदींपासून करावा. दाखलखारीज नोंदी एकाच यंत्रात असतील तर ते हलविण्यापूर्वी दुसरी प्रत काढावी व ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे. नंतर वर्गांमधील अंतर मोजावे, कारण जाळ्याची तांब्याची तार 100 मीटरपर्यंतच भरवशाची असते. विंडोज 10 चे सर्वसाधारण साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले, हेही यादी करताना ध्यानी घ्यावे. सर्व्हर पत्र्याखाली ठेवू नये. परभणीचा वैशाख यंत्रांनाही सोसत नाही. वीज जाताच तो रीतसर बंद करण्याइतका अवधी बॅटरीने दिला पाहिजे. नवे यंत्र चालू झाले तरी जुन्यातील नोंदी लगेच पुसू नयेत.