बिल आहे, पीयूसी आहे, तरी चलन?

प्रश्न : माझ्या कारला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला आहे. पक्कं बिल आहे, पीयूसीही चालू आहे. तरी पोलिसांनी चलन केलं. आवाज मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. हे चलन टिकेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : टिकू शकतं, पण घाबरून जाऊ नका. पीयूसीत फक्त धूर तपासतात, आवाज नाही. आणि बिलावरून वस्तू विकत घेतली एवढंच ठरतं. ती गाडीला लावायला परवानगी आहे, असं नाही. (गॅरेजवाले हे सांगत नाहीत!)

आधी चलनावरचं कलम वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर केलेला बदल हाच गुन्हा. तिथे डेसिबलचा प्रश्नच येत नाही. कलम १९० (२) लावलं असेल, तर मुद्दा आवाजाच्या मानकांचा. मोजणी झाली नाही हा तुमचा आक्षेप तिथे विचारात येऊ शकतो. मात्र या कलमात पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, कैद आणि तीन महिने परवान्यासाठी अपात्र ठरण्याचीही तरतूद आहे. तेव्हा हट्टापायी कोर्टात जाण्याआधी वकिलाला विचारा. चलनच चुकीचं वाटलं, तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर फोटोसह तक्रार करता येते. रस्त्यावर हुज्जत घालू नका. पोलिसांनी कागदपत्रं मागितली, तर डिजिलॉकरमधलीही चालतात.

मूळ सायलेन्सर मात्र आजच बसवून घ्या आणि त्याची पावती जपून ठेवा. नाहीतर पुढच्या चौकात दुसरं चलन होईल.