जागतिक प्रश्नांवर मत मांडताना

प्रस्तावना

‘प्रदूषण ही जगाला भेडसावणारी गंभीर समस्या आहे’, असे वाक्य निबंधाच्या प्रारंभी हमखास आढळते. या वाक्याला कोणी विरोध करणार नाही. म्हणूनच ते खऱ्या अर्थाने मत नव्हे. ज्या विधानाशी दुसरा कोणी सकारण असहमत होऊ शकतो आणि ज्याचे समर्थनही कारणे देऊनच करावे लागते, त्यास मत म्हणतात. ओझोन थराविषयी झालेल्या जागतिक वादाच्या आधारे हा भेद समजून घेता येईल.

वस्तुस्थिती आणि मत

१९७४ साली मारिओ मोलिना व शेरवूड रोलँड या शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष मांडला, की शीतकपाटांत व फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे सीएफसी वायू वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचून ओझोनचा नाश करतात. उत्पादकांनी ‘हा केवळ सिद्धान्त आहे, पुरावा कोठे आहे?’ असा आक्षेप घेतला. आक्षेप स्वार्थापोटी असला, तरी प्रश्न गैर नव्हता. पुरावा १९८५ मध्ये मिळाला. अंटार्क्टिकावरील ओझोनचे प्रमाण वसंत ऋतूत मोठ्या प्रमाणात घटत असल्याचे ब्रिटिश संशोधकांच्या मोजणीतून दिसून आले. ओझोन घटला, ही वस्तुस्थिती. या वायूंचे उत्पादन थांबवावे, हे मत. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला, तो या दोहोंच्या आधारावर.

भारताची भूमिका

भारताने या करारावर आरंभी स्वाक्षरी केली नाही. थर विरळ होत आहे, हे भारताने नाकारले नाही. परंतु ज्यांनी हे वायू वर्षानुवर्षे वापरले ते देश श्रीमंत आहेत. मग पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च गरीब देशांनी का सोसावा, असा भारताचा सवाल होता. १९९० साली लंडन येथील परिषदेत तत्कालीन पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी ही बाजू आग्रहाने मांडली. चीननेही अशीच मागणी केली होती. विकसनशील देशांसाठी निधी उभारण्याचे तेथे ठरले आणि १९९२ मध्ये भारत करारात सहभागी झाला. येथे नुसता नकार नाही. समस्येचा स्वीकार, अडचणीचे कारण आणि तोडग्याची मागणी हे तिन्ही त्यात आहे. मतप्रदर्शनाचा इतका नेटका नमुना राजकीय वादांत क्वचितच सापडतो.

मताची भाषा

‘सर्व जग’, ‘प्रत्येक जण’, ‘कधीच नाही’ असे शब्द शक्यतो टाळावेत. एका अपवादानेही विधान कोसळते. विरोधकाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी सांगावे आणि मग ‘असे असले तरी’, ‘तथापि’ या शब्दांनी आपल्या मुद्द्याकडे वळावे. स्वतःच्या व्यवसायातील अनुभव हाही आधार ठरतो. फ्रिज दुरुस्त करणारा कारागीर जुना वायू हवेत सोडून नवा भरतो, तेव्हा कराराची अंमलबजावणी कोठे अडते, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? मात्र एका दुकानातील अनुभवावरून साऱ्या देशाविषयी निष्कर्ष काढू नये.

कृती

सीएफसीऐवजी आलेले एचएफसी वायू ओझोनचा नाश करीत नाहीत, पण पृथ्वीचे तापमान वाढवितात. त्यांचा वापर घटविण्याचा करार २०१६ मध्ये किगाली येथे झाला. विकसनशील देशांना त्यात अधिक मुदत मिळाली आहे. ही सवलत योग्य आहे काय? विरोधी बाजूचा एक मुद्दा देऊन आपले मत आठ ते दहा वाक्यांत लिहा.