खाज, घरघर आणि दारातले गाजर गवत

वाचन : योहान ९:१-७, कलस्सै ४:१४



या अंकाचा पाठ आरोग्याचा आहे, पण त्याची सुरुवात माझ्या एका चुकीने करावी लागते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यातील एका पावरा पाड्यावर आमची दर पंधरवड्याला प्रार्थनासभा होते. तिथल्या एका भावाला दर भादव्यात चेहऱ्यावर, मानेवर आणि कोपराच्या खोबणीत खाज सुटायची. कातडी काळी व जाड व्हायची, पापण्या सुजून डोळे उघडेनात. दिवाळीनंतर थोडे उतरायचे आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. नातेवाईक त्याला बडव्याकडे घेऊन गेले. बडव्याने वस्तीतल्या एका विधवा बाईकडे बोट दाखवले. त्या दिवसापासून हातपंपावर तिच्या मागे कोणी हंडा लावीना. आमच्याच मंडळीतील एका वडिलांनी त्या भावाला विचारले, "दादा, लपवलेले काही पाप तर नाही ना?" आणि मी काय केले? डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि गाडीला किक मारून निघून आलो. त्याच्या झोपडीच्या कुडाला लागून कमरेएवढे गाजर गवत पांढरे फुलले होते. गाडी लावताना ते मीच पायाने बाजूला सारले होते.

पुढे जळगावला एका त्वचारोग डॉक्टरांनी त्याला पाहिले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घराजवळ काँग्रेस गवत आहे का?"

हे गवत आपल्या देशाचे नाही. मूळ अमेरिका खंडातले हे झाड आपल्याकडे १९५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेले. त्या काळात परदेशातून धान्य येत होते, त्यातून बी आले असे मानतात. आज खानदेशात रस्त्याची कड, पडीक वावर, शाळेचे आवार, नाल्याचा काठ, सगळीकडे ते आहे. गाजरासारखी पाने म्हणून गाजर गवत, पांढऱ्या टोपीसारखी फुले म्हणून काँग्रेस गवत, काही ठिकाणी चटक चांदणी. एका झाडाला हजारोंनी बी धरते आणि ते वाऱ्याने, पाण्याने, गाडीच्या चाकाच्या चिखलातून पसरते. जनावराने खाल्ले तर दूधही कडवट होते.

त्याच्या पानाफुलांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. काहींच्या शरीराला ते एकदा 'शत्रू' वाटले की पुढे दर वेळी शरीर त्याच्याशी लढत राहते. यालाच ॲलर्जी म्हणतात. राखणीचा कुत्रा घरच्याच पाहुण्यावर भुंकतो तसे हे आहे. त्यामुळे एकाच घरात बापाला त्रास होतो आणि मुलाला काहीच होत नाही. लोक इथेच फसतात. "सगळ्यांना गवत आहे, मग यालाच का?" असे विचारतात आणि उत्तर जादूटोण्यात शोधतात. दुसरी फसगत अशी की गवत वाळले म्हणजे सुटलो असे वाटते. वाळलेल्या पानांचा चुरा धुळीबरोबर उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. म्हणून खाज चेहरा, मान, हात अशा उघड्या भागावर जास्त आणि सदऱ्याखाली कमी असते. परागकण नाकात गेले तर शिंका, नाकातून पाणी, डोळे लाल, आणि दमा असेल त्याला दम लागतो.

गाजर गवत एकटे नाही. आपल्या आदिवासी बांधवांचे वर्ष कामाप्रमाणे फिरते आणि त्रासही कामाप्रमाणेच बदलतो. पावसाळ्यात झोपडीत ओल येते, गोधड्या वाळत नाहीत, भिंतीला बुरशी धरते. त्या दिवसांत मुलांची रात्रीची खोकली वाढते. भादवा-आश्विनात गवतांचे पराग. दसऱ्यानंतर कापूस वेचणी येते. मजूर बाया दिवसभर कापसाच्या धुळीत असतात आणि शेतकरी भाव वाढेल म्हणून कापूस घरातच ठेवतात. महिनोन्महिने पडलेल्या कापसात धूळ व बारीक किडे होतात, त्यावरच लेकरे झोपतात. घरातल्या सगळ्यांना एकदम खाज सुटली तर आधी त्या ढिगाकडे पाहावे. त्याच सुमारास नंदुरबारच्या मिरची पथारींवर आपल्या कितीतरी बहिणी मजुरीला असतात. मिरचीचा ठसका ही खरे तर ॲलर्जी नव्हे, पण दमेकऱ्याच्या छातीला तो फरक कळत नाही.

दिवाळीनंतर शिरपूर, साक्री, नवापूरकडची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. काही ठिकाणी तोडणीआधी फड पेटवतात. उघड्यावरची थंडी, काजळी आणि पाचटाची धूळ एकत्र होते. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळतात, तो धूर वेगळा. आणि बारा महिन्यांचा धूर चुलीचा. त्याला ऋतू नाही म्हणून तो कोणी मोजत नाही. माझ्या मते आपल्या पाड्यांवरील बाळांच्या छातीला सर्वांत जास्त तोच जाळतो. चूल बाहेरच्या ओट्यावर नेली, कुडाला वरच्या अंगाला धूर जायला वाट ठेवली, स्वयंपाक होईतो बाळाला दुसरीकडे बसवले तरी फरक पडतो. याला पैसा लागत नाही.

आता औषधाविषयी. नाक गळणे व खाज यासाठी सेटिरिझिनसारखी साधी गोळी आरोग्य केंद्रात मिळते. तिने काहींना गुंगी येते, म्हणून ती रात्री घ्यावी. गोळी घेऊन कोयता हातात घेऊ नये. गावोगाव फिरणारे काही 'डॉक्टर' एका सुईत आराम देतात. त्या सुईत बहुधा स्टेरॉइड असते. वारंवार टोचून घेतले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. मेडिकलमधून कोणी सांगितलेली मलमाची ट्यूब महिनोन्महिने चेहऱ्याला लावणे तेवढेच वाईट आहे, कातडी पातळ होते.

दम्यासाठी तोंडाने ओढायचा पंप हे उत्तम औषध आहे. औषध थेट छातीत जाते, म्हणून अगदी थोडे पुरते. तरी "पंपाची सवय लागते" ही समजूत शहरातल्या शिकलेल्या ख्रिस्ती घरातही मी ऐकतो. सवय लागत नाही. एक पंप धाप लागल्यावर लगेच आराम देतो. दुसरा पंप सूज कमी ठेवण्यासाठी रोज घ्यायचा असतो आणि बरे वाटले म्हणून तो मनाने बंद करायचा नसतो. लहान मुलाला पंप नीट ओढता येत नाही, त्याला स्पेसर लागतो. तो नसेल तर अर्ध्या लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते. तिच्या बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढे भोक पाडायचे आणि बाटलीच्या तोंडाला मुलाचे तोंड लावायचे. एक फवारा मारून पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली तपासून दाखवले की अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकेच काम देते. किती फवारे, हे मात्र डॉक्टरांनी ठरवावे.

मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात असतील, एक वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. छाती डागणे हा उपाय नाही. त्याने भाजलेल्या लेकराची भर पडते. आणि प्रत्येक खोकला ॲलर्जीचा नसतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणे असे दिसले तर बेडक्याची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाला पाहून विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. आमच्या वडिलांनी त्या भावाला विचारला तोच हा प्रश्न, आणि बडव्याचाही फार वेगळा नव्हता. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. मग त्याने चिखल केला, डोळ्यांना लावला आणि शिलोह तळ्यावर जाऊन धुवायला सांगितले. मी अर्थ ताणून सांगत नाही, पण वावरातून आल्यावर तोंड, मान, हात साबणाने धुणे आणि कपडे बदलणे हाच या खाजेवरचा पहिला उपाय डॉक्टरांनीही सांगितला. पंप वापरला म्हणजे विश्वास कमी पडला, असे म्हणणाऱ्यांना मी लूकाची आठवण देतो. पौलाने त्याचा उल्लेख प्रिय वैद्य असा केला आहे आणि त्याला सोबत ठेवले आहे.

गवताचा बंदोबस्त फुलण्याआधी करायचा. पाऊस पडून जमीन मऊ झाली की मुळासकट उपटावे. हाताला प्लास्टिकची पिशवी, तोंडाला फडके, पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. ज्याला आधीच त्रास आहे त्याने या कामाला हात लावू नये. फूल आले नसेल तर ते शेणखताच्या खड्ड्यात घालता येते. मोकळ्या जागी तरोटा वाढू दिला तर तो गाजर गवताला दाबतो, आणि तरोट्याची कोवळी भाजी आपण खातोच. मेक्सिकोहून १९८० च्या दशकात आणलेले भुंगे पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतात. ते दिसले तर त्या झाडांवर फवारणी करू नका. दर ऑगस्टच्या १६ ते २२ तारखांना देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो. आपल्या मंडळ्यांनी तोच आठवडा धरावा, ही विनंती.

त्या पाड्यावर आता दर वर्षी रविवारच्या उपासनेनंतर गवत उपटतात. पहिल्या वर्षी मी कोणालाही वचन सांगितले नाही. तो भाऊ डॉक्टरांच्या सांगण्यावरून लांब बसला होता. तो उठला, त्या विधवा बाईच्या दारी गेला आणि म्हणाला, "माय, गवतानं झालं होतं. तुझं काही नव्हतं." कोणाला डाकीण ठरवणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे बडव्याला आम्ही नंतर बसून समजावले. त्याने ऐकून घेतले, उत्तर दिले नाही. बाई त्या दिवशी काही बोलली नाही. पुढच्या रविवारी ती स्वतःची विळी घेऊन आली आणि हातपंपाभोवतीचे गवत तिनेच काढले.