आतड्याचा दाह आणि कार्यकारणभाव

आतड्याच्या अस्तरातील बहुतेक पेशी चार-पाच दिवसांत झडतात व त्यांच्या जागी नव्या येतात. ही वाढ प्रथिनांच्या नियंत्रणाखाली चालते. काही प्रथिनांना फॉस्फेटचा लहानसा गट जोडला की ती कार्यरत होतात. तो काढला की थांबतात. अशा बदलाचा शोध लावणाऱ्या एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोठ्या आतड्याच्या दीर्घकालीन दाहात, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, 'इंटरल्युकिन-६' हा संदेश पेशींना वारंवार मिळतो. त्यामुळे 'स्टॅट-३' या प्रथिनास फॉस्फेट जोडला जातो. ते पेशीकेंद्रात शिरून वाढीची जनुके चालू करते. जखम भरण्यास ही वाढ हवीच; परंतु दाह वर्षानुवर्षे राहिल्यास जनुकांतील दोष साचत जातात व कर्करोगाचा धोका वाढतो. फॉस्फेट जोडणाऱ्या 'जॅक' विकरांना रोखणारे टोफासिटिनिब हे औषध या दाहावर वापरले जाते. कारणाचा निरोध झाला की कार्याचाही निरोध होतो, ही प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण आम्हांस येथे दिसते.

आपल्याच जिल्ह्यात, बार्शी येथे, १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. आजार लपविण्याचा नव्हे, नोंदविण्याचा विषय आहे, हाच तिचा धडा. तरीही शौचातून रक्त पडले तर मूळव्याध समजून, लाजेपोटी महिनोन्‌महिने गप्प राहणारी माणसे आपल्या वस्त्यांत आहेत. माजी विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांची विचारपूस करावी, त्यांना वेळीच तपासणीस न्यावे. दैवाला दोष न देता कारण शोधणे, हाच बाबासाहेबांनी दाखविलेला धम्ममार्ग होय.