मातीचे थर प्लास्टिकमध्ये कसे सुटतात?

प्रश्न : पॉलिप्रॉपिलीनमध्ये बेंटोनाइट माती मिसळूनही भाग अपेक्षेइतका कणखर होत नाही, रिअॅक्टिव्ह एक्स्ट्रूजनने फरक पडेल का? (एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे)

उत्तर : बेंटोनाइटमधील मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट असून, दख्खनच्या काळ्या मातीला पावसात फुगवणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी खनिजेही याच कुळातील आहेत. त्याचा एकेक थर सुमारे १ नॅनोमीटर जाडीचा असतो. परंतु हे थर एकमेकांना चिकटूनच राहिले, तर माती निव्वळ फिलर ठरते.

जलस्नेही माती आणि पाणी टाळणारे पॉलिप्रॉपिलीन एकजीव होत नसल्याने, आधी थरांमधील सोडियम आयनांच्या जागी लांब कार्बन-साखळीचे अमोनियम आयन बसवतात. त्यानंतर ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरमध्ये पेरॉक्साइडच्या साहाय्याने मॅलेइक अॅनहायड्राइडचे पॉलिमरच्या साखळीवर रासायनिक कलम केले जाते; हेच रिअॅक्टिव्ह एक्स्ट्रूजन. या कलमामुळे पॉलिमर थरांमध्ये शिरतो आणि स्क्रूंच्या घुसळणीने थर सुटे होतात. अशी माती वजनाने २ ते ५ टक्केही बहुधा पुरते.

मात्र पेरॉक्साइड जास्त झाल्यास पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्याच तुटतात, तर तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्यास अमोनियम संयुगे विघटित होऊ लागतात. म्हणून माती आधी नीट सुकवणे, तापमान काटेकोर राखणे आणि शिल्लक अॅनहायड्राइडची वाफ निर्वात व्हेंटमधून काढणे आवश्यक ठरते. थर खरोखर सुटले की नाही, हे क्ष-किरण विवर्तनाबरोबर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही तपासावे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमर संशोधनाची दीर्घ परंपरा असल्याने मार्गदर्शनासाठी तेथे विचारणा करता येईल.