ऑपरेशनात आपला वाटा
(मंडळीच्या वर्गासाठी पाठ)

आमच्या बुऱ्हाणपुरात कोणाला मोठे ऑपरेशन सांगितले, की घरात पहिला प्रश्न उठतो, "खंडव्याला न्यायचे, जळगावला, की इंदूरला?" दुसरा प्रश्न पैशांचा. दोन्ही प्रश्न खरे आहेत. परंतु तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. या कामात दुखणाइताचा व घरच्यांचा वाटा कोणता? सर्जनचे काम काही तासांचे असते. त्याआधीचे दिवस आणि नंतरचे आठवडे पुष्कळसे आपल्याच हाती असतात.

एक उदाहरण पाहू. जानेवारी १९२४ मध्ये महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिक्सचा विकार जडला. १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांचे ऑपरेशन केले. त्याआधी श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून संमतीचे पत्र तयार झाले व गांधीजींनी त्यावर सही केली. ऑपरेशन चालू असताना वीज गेली, तेव्हा उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली. परंतु सुटल्याबरोबर ते दौऱ्यावर निघाले नाहीत. मार्चमध्ये ते विश्रांतीसाठी जुहूला समुद्रकाठी जाऊन राहिले. समजून दिलेली संमती, कुशल हात आणि पुरेशी विश्रांती, या तिन्ही गोष्टी येथे दिसतात.

१. आधी : खरे सांगणे

डॉक्टर विचारतील ते लपवू नये. मधुमेह, रक्तदाब, दमा, पूर्वीची ऑपरेशने, एखाद्या औषधाची ॲलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वैद्याची चूर्णेसुद्धा, सर्व सांगावे. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये व चालूही ठेवू नये, विचारावे. आमच्याकडे पॉवरलूमवर काम करणारे पुष्कळ आहेत, आणि विडी-तंबाखू घरोघरी आहे. विडी निदान चार आठवडे आधी सोडली तर फुप्फुसांचा त्रास कमी होतो व जखमही बरी भरते. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी काय करणार, धोका कोणता, दुसरा उपाय आहे काय, हे विचारण्यात संकोच नसावा. जुने रिपोर्ट व असल्यास आयुष्मान कार्ड बरोबर घ्यावे. त्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. बारीक जखमांतून जंतू शिरतात.

२. त्या दिवशी : उपाशी राहणे

आमच्या ओळखीच्या एका वडिलांनी पहाटे गुपचूप दुधाचा चहा घेतला. सिस्टरने दोनदा विचारल्यावर त्यांनी कबूल केले. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले आणि घरचे सारे रागावले. परंतु त्या कबुलीनेच त्यांचा धोका टळला असावा. भूल दिल्यावर पोटातले अन्न उलटून फुप्फुसांत जाऊ शकते. म्हणून बहुधा जेवण सहा तास व साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. आपल्याला जी वेळ सांगितली असेल तीच पाळावी.

३. नंतर : उठणे आणि थांबणे

नुसते पडून राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. डॉक्टरांनी सांगताच उठून चार पावले चालावे, दीर्घ श्वास घ्यावा. त्याने पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा व छातीत कफ साठण्याचा धोका कमी होतो. उलट, पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर बरे वाटू लागले म्हणून केळीचे घड किंवा पाण्याचे हंडे उचलू नयेत. त्यास बहुधा सहा आठवडे लागतात. भाताने वा डाळीने जखमेत पू होतो ही समजूत खरी नाही. डॉक्टरांनी मना केले नसेल तर डाळ, दूध, अंडी द्यावीत. त्यांनीच जखम भरते. जखमेवर हळद किंवा राख लावू नये. ताप, लाली, पू, पोटरीला सूज, धाप, यांपैकी काही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.

४. मंडळीचा वाटा

चांगल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने जखमी मनुष्याला उतारशाळेत नेले, पुढच्या खर्चाचे पैसे दिले, आणि परत येण्याचे वचन दिले. आपण मात्र पहिल्या दिवशी वीस जण खाटेभोवती जमतो आणि तिसऱ्या आठवड्यात कोणीच फिरकत नाही. वास्तविक तेव्हाच घरी डबा हवा असतो, टाके काढायला जाताना सोबत हवी असते, मुलांना शाळेत पोहोचवणारे कोणी हवे असते. खाटेपाशी दोघांनी जावे, हात धुऊन, थोडाच वेळ बसावे, लहानशी प्रार्थना करावी. रक्त लागणार असेल तर निरोगी तरुणांनी आधीच नावे द्यावीत.

वर्गात चर्चेसाठी

१. डॉक्टरांपासून आपण काय लपवतो, आणि का?
२. आपल्या मंडळीत सध्या घरी बरे होत असलेले कोण आहेत? या आठवड्यात त्यांच्याकडे डबा कोण नेईल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर नावानिशी लिहून मगच वर्ग संपवावा.