सवलत कॉलेजची, शिष्यवृत्ती आपली

बारावी सायन्सचा निकाल लागला की घरोघरी एकच विचारणा सुरू होते: हुशार मुलांना स्कॉलरशिप देणारे कॉलेज कोणते? प्रश्न साधा दिसतो. मीही बराच काळ तो साधाच समजत होतो. आता मात्र माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न उलट्या बाजूने विचारला जातो, आणि त्याची किंमत पहिल्या वर्षी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळते. ‘मेरिट स्कॉलरशिप’ या एका नावाखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी चालतात. एक म्हणजे कॉलेजने स्वतःच ठरवलेल्या फीमधून स्वतःच वजा केलेली रक्कम. दुसरी म्हणजे सरकारने किंवा एखाद्या न्यासाने विद्यार्थ्याच्या खात्यात टाकलेले पैसे. ते कोणत्या कॉलेजात गेल्यावर मिळतील हे तिथला प्रवेश विभाग ठरवत नाही. पहिलीला मी सवलत म्हणतो. शिष्यवृत्ती हा शब्द दुसरीसाठी राखून ठेवला, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

सवलतीचा हिशेब कागदावर मांडून पाहिला पाहिजे. समजा, एखाद्या खासगी विद्यापीठाची ट्यूशन फी वर्षाला ४ लाख आहे आणि चांगल्या गुणांवर त्यात ५० टक्के सूट आहे. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेले ते ५० टक्के बहुधा फक्त ट्यूशन फीवर असतात. होस्टेल, मेस, परीक्षा फी, डिपॉझिट यांना ते लागू नसतात. तो वरचा खर्च दीड लाख धरला, तर सूट मिळूनही वर्षाला साडेतीन लाख लागतात. चार वर्षांचे झाले १४ लाख. आता तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेली अट वाचा: सवलत चालू ठेवण्यासाठी दरवर्षी अमुक सीजीपीए राखणे आवश्यक. पहिल्या वर्षाअखेरीस तो हुकला, तर उरलेली तीन वर्षे साडेपाच लाखांनी पडतात आणि एकूण खर्च २० लाखांवर जातो. सहा लाखांचा हा फरक एका आकड्यावर लटकलेला असतो, आणि तोपर्यंत विद्यार्थी तिथे इतका गुंतलेला असतो की सोडून जाणे जवळपास अशक्य होते. ‘आमचा मुलगा हुशार आहे, तो सीजीपीए राखेलच’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. पण ज्या वर्गात सगळेच नव्वद टक्क्यांपुढचे आहेत, त्या वर्गातही निम्मी मुले खालच्या निम्म्यात असणारच. ग्रेडिंग सापेक्ष असेल तर हुशारीचा प्रश्न उरतच नाही, प्रश्न जागांचा होतो. म्हणून प्रवेशाआधी विचारायचा प्रश्न असा: गेल्या वर्षी ही सवलत मिळालेल्या किती मुलांची सवलत दुसऱ्या वर्षी टिकली? आकडा लेखी मागा. जे कॉलेज तो सांगत नाही, त्याने तुम्हाला उत्तर दिलेले आहे.

जिथे सगळेच हुशार येतात तिथे गुणवत्तेचे आमिष लागत नाही, हेही लक्षात घ्यावे. परदेशाकडे डोळे लावून बसलेल्यांसाठी सांगतो: एमआयटी आणि हार्वर्ड पदवीच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या तिजोरीतून गुणवत्तेवर एक डॉलरही देत नाहीत. मदत देतात ती कुटुंबाची ऐपत बघून.

विद्यार्थ्याबरोबर फिरणाऱ्या पैशांचे आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची, २००८ साली सुरू झालेली इन्स्पायर योजना. तिच्यातल्या उच्च शिक्षण शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाला ८०,००० रुपये: ६०,००० विद्यार्थ्याच्या हाती आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. बोर्डाच्या परीक्षेत वरच्या १ टक्क्यात येणारे किंवा जेईई, नीट यांच्या गुणवत्ता यादीत पहिल्या १०,००० मध्ये असणारे त्यासाठी पात्र ठरतात. मात्र पुढचे शिक्षण मूलभूत विज्ञानाचे हवे. इंजिनिअरिंग, मेडिकल नाही. बीएस्सी असली तरी बायोटेक्नॉलॉजी आणि कॉम्प्युटर सायन्स ही नावे विषयांच्या यादीत नाहीत. मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री आहेत. प्रवेशाच्या रांगेत उभे राहून विषय बदलणाऱ्यांनी एवढे तरी आधी पाहावे. शिवाय बारावी त्याच वर्षी झालेली असावी लागते, त्यामुळे नीटसाठी ‘ड्रॉप’ घेणारा मुलगा किंवा मुलगी ही वाट बहुधा कायमची बंद करून घेते, आणि हे क्लासवाले सांगत नाहीत. आता तेच ६०,००० रुपये दोन ठिकाणी ठेवून बघा. वर उल्लेखलेल्या खासगी विद्यापीठात ते मेसच्या बिलात विरून जातील. पुणे, कोल्हापूर किंवा मुंबईतल्या एखाद्या जुन्या कॉलेजच्या अनुदानित तुकडीत, जिथे ट्यूशन फी तुलनेने नगण्य असते, तिथे फी भरून, पुस्तके घेऊन, खोलीभाड्यालाही त्यातून हातभार लागतो. ‘अनुदानित’ या शब्दावर मात्र जोर द्या. एकाच आवारात, एकाच प्रयोगशाळेत, शेजारची स्वयंअर्थसहाय्यित तुकडी कितीतरी पट महाग असू शकते.

ज्यांना संशोधनाकडेच जायचे आहे, त्यांनी फी आणि शिष्यवृत्ती यांचा एकत्र विचार जिथे आधीच झालेला आहे अशा संस्था आधी पाहाव्यात. पुणे आणि कोलकाता इथे २००६ मध्ये सुरू झालेल्या आयसर आता सात आहेत. त्यांच्या अभियोग्यता चाचणीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित या चारही विषयांचे प्रश्न सारख्याच संख्येने असतात, म्हणून अकरावीला गणित किंवा जीवशास्त्र सोडून देणाऱ्याचे पारडे तिथे हलके होते. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईत कालिन्याच्या आवारातले मूलभूत विज्ञानातील उत्कृष्टता केंद्र यांचे प्रवेश नेस्ट परीक्षेतून होतात, आणि अणुऊर्जा विभागाची वर्षाला ६०,००० रुपयांची ‘दिशा’ शिष्यवृत्ती या दोन संस्थांशी जोडलेली आहे. गणित-संख्याशास्त्राचे वेड असेल तर इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आहे. तिथे ट्यूशन फी नाही, उलट विद्यावेतन मिळते, आणि निकाल घसरला तर ते कापलेही जाते. म्हणजे अट तिथेही आहे. पण अट मोडल्यावर जाते ते विद्यावेतन. लाखोंची फी अंगावर येत नाही. चेन्नईच्या मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये फी मोठी, पण माफीचीही सोय आहे.

यावर आक्षेप येतात ते खोटे नाहीत. पहिला, सरकारी पैसे वेळेवर येत नाहीत. खरे आहे. इन्स्पायरचे हप्ते रखडल्याच्या तक्रारी दरवर्षी ऐकू येतात, म्हणून पहिल्या वर्षाचा खर्च त्या पैशांवर धरूच नये. पण उशिरा येणारी शिष्यवृत्ती स्वस्त कॉलेजात सोसते, आणि एका ग्रेडमुळे गेलेली सवलत महागड्या कॉलेजात सोसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वरचा १ टक्का कितींच्या वाट्याला येणार? त्याखालच्यांसाठी केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती आहे, आणि आपल्याकडे तिची चर्चा फारच कमी होते. वर्षाला ८२,००० नवे विद्यार्थी, आपापल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. पदवीच्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये. रक्कम छोटी आहे हे मान्य. पण नूतनीकरणाची अट ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी, म्हणजे नेटाने वर्गात बसणाऱ्याला पाळता येण्याजोगी. तिसरा आक्षेप असा की खासगी विद्यापीठांत उपकरणे नवी असतात, प्राध्यापक मुलांना वेळ देतात. काही ठिकाणी तसे आहेच, आणि शंभर टक्के माफी सगळ्या वर्षांसाठी लेखी, होस्टेलसकट, सोसवेल अशा अटीवर मिळत असेल तर ती नाकारणे हा शहाणपणा नव्हे. माझे भांडण खासगीशी नाही, तोंडी आश्वासनाशी आहे.

या शोधात आणखी एक खड्डा असतो तो शिळ्या माहितीचा. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ पासून बंद होऊन इन्स्पायरमध्ये विलीन झाली, आणि एनटीएस परीक्षा २०२१ पासून स्थगित आहे. तरी क्लासच्या फलकांवर दोन्ही नावे अजून झळकताना दिसतात. रकमा, मुदती, विषयांच्या याद्या बदलत राहतात, म्हणून या लेखातले आकडेसुद्धा चालू वर्षाच्या अधिसूचनेशी ताडून घ्या. आणि कागदपत्रांसाठी निकालाची वाट पाहू नका. उत्पन्नाचा दाखला मिळायला वेळ लागतो, इन्स्पायरसाठी कॉलेजच्या प्राचार्यांची सही-शिक्क्याची शिफारस लागते, आणि केंद्राच्या पोर्टलवरचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतात. मुलाच्या किंवा मुलीच्या नावाचे तसे खाते आहे की नाही, एवढे या आठवड्यात बँकेत जाऊन बघून या.